वारसांची नोंद

शस्त्रक्रियेचे टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारले, "भावंडं किती तुम्हांला?" बिलाला हातभार कोण लावणार, हे त्यांना पाहायचे असावे, असा माझा समज झाला. त्यांच्या मनात वेगळेच होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. "भावंडांना तपासून घ्यायला सांगा," ते म्हणाले, "आणि वेळ आली की मुलांनाही."

पनवेलला घरी आलो आणि हे सांगणे किती अवघड आहे ते कळले. ताई अलिबागला असते. तिच्या मुलीचे लग्न जमत आले होते; 'त्यांच्या घराण्यात आहे' हे तीन शब्द सोयरिकीला पुरतात. धाकटा पेणला. तो म्हणाला, "दादा, मला काही होत नाही. सुखानं झोपतोय, तर झोपू दे ना!" त्याचे म्हणणे मला खोडता येईना. धडधाकट माणसाच्या उशाशी भय नेऊन ठेवण्याचा अधिकार मला कोणी दिला?

अमेरिकेत, मिशिगनमध्ये, 1895 साली शिवणकाम करणाऱ्या एका बाईने वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना सांगितले होते की, माझ्या घरचे पुष्कळ लोक कर्करोगाने गेले, मीही तशीच लवकर जाणार. वॉर्थिन यांनी त्या घराण्याचा वृत्तांत 1913 साली प्रसिद्ध केला. पुढे ती बाईही कर्करोगानेच गेली. तिच्यापाशी ज्ञान होते, उपाय नव्हता. तशी स्थिती आज असती, तर मी धाकट्याला खुशाल झोपू दिले असते.

पण ती आज नाही. हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील एका लहानशा गाठीतून वाढतो, आणि त्या वाढीला दहाएक वर्षे लागतात. दुर्बिणीतून ती दिसली तर तिथल्या तिथे काढता येते. आईबाप, भावंडे वा मुले यांपैकी एकाला हा रोग झाला, की इतरांचा धोका सुमारे दुप्पट होतो. दोघांना झाला तर आणखी वाढतो. म्हणून चाळिशीला, किंवा रोग्याचे निदान झाले त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे अगोदर येईल तेव्हा तपासावे असे सांगतात. माझ्या मुलांच्या बाबतीत ते अडतिसावे वर्ष. धोका म्हणजे काही पत्रिकेतले भाकीत नव्हे. बहुतेकांना हा रोग होतच नाही.

तरी माझी जीभ रेटेना. अशात काही कामासाठी वडिलांची जुनी पिशवी उघडली. वर सातबाऱ्याचे उतारे, आणि तळाशी एका तपासणीचा पिवळा पडलेला कागद. वडील 'पोटाच्या दुखण्याने' गेले, एवढेच आम्हांला माहीत होते. त्या दुखण्याचे नाव कागदावर होते, तेच माझेही. कुणीतरी मायेपोटीच ते आमच्यापासून लपवले असेल. पण त्या मायेमुळे मी दोन वर्षे रक्त पडत असताना 'मूळव्याध असेल' म्हणत राहिलो.

वडिलांच्या मागे वारसांची नोंद करायला आम्ही तिघे तलाठ्याकडे गेलो होतो. एक गुंठा इकडचा तिकडे झाला असता तर एकमेकांना जाब विचारला असता. मग हा दुसरा वारसा मी एकट्याने कसा दाबून ठेवायचा? त्यात त्यांचाही हिस्सा आहे. त्याचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. नोंद करून देणे माझ्याकडे. परळचे टाटा रुग्णालय 1941 पासूनचे, आणि त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र आमच्याच तालुक्यात. आता अडते ते अंतरापायी नव्हे, संकोचापायी. हृदयविकाराच्या गोष्टी आपण लग्नाच्या पंगतीतही बोलतो. शौचाचे नाव निघाले की घर गप्प होते.

मी तो कागद घेऊन पेणला गेलो. धाकट्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "तू बरोबर येणार असशील तर येतो." आदल्या रात्री तो माझ्याकडेच राहिला, पोट साफ करण्याचे औषध घेऊन त्याने पहाटेपर्यंत मला शिव्या घातल्या. तपासणीत काय निघाले ते मी लिहिणार नाही. ते त्याचे आहे.

ताई अजून हो म्हणालेली नाही. भाऊबीजेला मी अलिबागला जाणार आहे. माझ्या आयुष्यासाठी ती दरवर्षी ओवाळते. या खेपेला ओवाळणी घालताना मी तिच्या आयुष्याबद्दल बोलेन. ती रागावेल. रागावली तरी जेवूनच येईन, आणि जमेल तेव्हा पुन्हा विचारीन.