तीच साक्ष, पुन्हा एकदा

मार्च २०१३ मध्ये ‘स्ट्रायपर’ या अमेरिकन बँडचा ‘सेकंड कमिंग’ हा अल्बम आला. इटलीतल्या नेपल्सच्या ‘फ्रंटियर्स’ कंपनीने तो काढला. त्यात सोळा गाणी आहेत आणि त्यांतली चौदा जुनी. १९८४ ते १९८६ या काळातल्या ज्या गाण्यांनी बँडचं नाव झालं, तीच. जुन्या टेप स्वच्छ करून पुन्हा विकायला काढल्या, असा हा प्रकार नव्हे. मूळचे चौघेही स्टुडिओत गेले आणि प्रत्येक गाणं पहिल्या ठोक्यापासून नव्याने वाजवलं, नव्याने गायलं. शब्द तेच, चाली त्याच. गायक मायकल स्वीट ही गाणी प्रथम गायला तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता. आता तो पन्नाशीला टेकला होता.

दुसऱ्या एखाद्या रॉक बँडने असं केलं असतं तर मी एकदा ऐकून विसरून गेले असते. पण ही गाणी म्हणजे साक्ष आहे. आमच्या मंडळीत साक्ष देणं म्हणजे चारचौघांत उभं राहून प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं. पुण्यातल्या एका मंडळीत उपासनेच्या गायनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. दर रविवारी ठरलेलीच गीतं मी लोकांकडून गाऊन घेते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. विशीत दिलेली साक्ष पन्नाशीत त्याच शब्दांत देता येते का? आणि दिली, तर त्या दोन्हींतली खरी कोणती?

स्ट्रायपर हा कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा बँड. मायकल आणि त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट, गिटारवादक ऑझ फॉक्स आणि बास वाजवणारा टिम गेन्स. १९८३ मध्ये त्यांनी ठरवलं की यापुढे वाजवायचं ते ख्रिस्तासाठी. संगीत मात्र तेच ठेवलं, लॉस एंजेलिसच्या क्लबांत त्या काळी गाजणारं हेवी मेटल. अंगात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे कपडे. ते पट्टे प्रभूच्या पाठीवरच्या फटक्यांचे, म्हणूनच बँडच्या नावाखाली कायम यशया ५३:५ लिहिलेलं असे. रॉबर्ट आपला ड्रमसेट आडवा लावायचा, म्हणजे वाजवताना तो प्रेक्षकांना बाजूने पूर्ण दिसे. कार्यक्रमात ते नव्या कराराच्या प्रती गर्दीत फेकत. १९८६ चा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ अमेरिकेत दहा लाखांवर खपला. त्याची कॅसेट माझ्या मावसभावाने कुवेतहून आणली होती. कव्हर बघून बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांना कोपऱ्यातलं यशया ५३:५ दिसलं. उत्तम शुक्रवारी आमच्याकडे हाच अध्याय वाचतात. बाबांनी बायबल आणलं, पूर्ण अध्याय मोठ्याने वाचला आणि मग म्हणाले, “आता लाव.”

सगळीकडे असं झालं नाही. स्वीट भावंडांचं घर विश्वासात आलं ते जिमी स्वॅगर्ट या प्रचारकाची टीव्हीवरची प्रवचनं ऐकून. आणि ख्रिस्ती रॉकवर सर्वांत कडाडून तुटून पडले तेही स्वॅगर्टच. नवा करार असा फेकणं त्यांना पवित्र वस्तूचा अपमान वाटे. ज्याच्या तोंडून शुभवर्तमान ऐकलं त्यानेच आपल्याला झिडकारावं, हे त्या पोरांना किती लागलं असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे.

अशा पुनर्मुद्रणामागे व्यवहार असतो, हे आधीच मोकळेपणाने म्हणायला हवं. संगीताच्या धंद्यात गाणं ही एक मालमत्ता आणि त्याचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. गाणं लिहिणाऱ्याचं राहिलं तरी ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीच्या मालकीचं असतं. कराराची मुदत सरली की कलाकार तेच गाणं नव्याने मुद्रित करतात आणि त्यांच्या हाती त्याची वेगळी प्रत येते. शिवाय जुन्या श्रोत्यांना जुनं हवं असतं आणि ते विकलं जातं. १९७२ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये सुरू झालेल्या ‘पेट्रा’ या बँडनेही २०१० मध्ये जुन्या गाण्यांचा असाच नवा अल्बम काढला होता. पण एखाद्या कामात पैसा आहे म्हणून त्यात भक्ती नाही, असं मी मानत नाही. पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि प्रेषितही होता. व्यवहाराचं उत्तर मिळालं तरी माझा प्रश्न शिल्लकच राहतो.

बायबलमध्ये पुनर्लेखनाची एक जिवंत हकिकत आहे. यिर्मयाच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय. संदेष्टा सांगतो आणि बारूख शाईने गुंडाळीवर लिहून घेतो. ती गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, राजापुढे शेगडी पेटलेली. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळून जाते. मग देव यिर्मयाला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगतो. बारूख पुन्हा लिहायला बसतो आणि पहिल्या गुंडाळीतले सगळे शब्द पुन्हा उतरवतो. अध्याय संपताना एक छोटी नोंद येते, की तशाच आणखी पुष्कळ वचनांची त्यात भर पडली. पहिली गुंडाळी परत मिळाली नाही म्हणून कुणी शोक करत नाही. दुसरीला नक्कल म्हणत नाही. देवाचं वचन पहिल्या कागदाला बांधलेलं नव्हतं. ज्याला ते सोपवलं होतं तो माणूस ते पुन्हा उच्चारायला तयार होता, एवढं पुरेसं होतं.

फरक एकच. यिर्मयाची गुंडाळी राजाने जाळली. स्ट्रायपरने आपली स्वतःच्या हाताने विस्तवाजवळ नेली. १९९० च्या ‘अगेन्स्ट द लॉ’ मध्ये काळे-पिवळे पट्टे गेले आणि शब्दांतून देवाचं नावही जवळपास गेलं. त्या काळात आम्ही दारूत होतो, बोलत होतो तसं जगत नव्हतो, हे पुढे मायकलने स्वतः सांगितलं आहे. १९९२ मध्ये तो बाहेर पडला आणि बँड विस्कटला. २००३ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. २००९ मध्ये मायकलची पत्नी कर्करोगाने गेली. ‘सेकंड कमिंग’ मध्ये जो माणूस गातो आहे त्याच्यामागे एवढं सगळं आहे.

इथे मला सोरेन किर्केगार्दची मदत होते. १८४३ मध्ये त्याने ‘पुनरावृत्ती’ या विषयावर एक लहानसं पुस्तक टोपणनावाने प्रसिद्ध केलं. त्यातला निवेदक बर्लिनला पूर्वी गेलेला असतो. गेलेलं सुख पुन्हा मिळतं का हे पाहायला तो परत तिथेच जातो, जुन्याच बिऱ्हाडी उतरतो, त्याच नाटकगृहात जाऊन बसतो. काहीच जमत नाही. पुनरावृत्ती अशक्य आहे असं ठरवून तो घरी येतो. पण त्याच पुस्तकात प्रेमात होरपळलेला एक तरुण आहे आणि तो ईयोबाचं पुस्तक रात्रंदिवस वाचतो आहे. ईयोबाला शेवटी सारं परत मिळालं, मेंढरं, उंट, बैल, गाढवी, सगळं दुप्पट. लेकरं मात्र दुप्पट झाली नाहीत. पूर्वी सात मुलगे आणि तीन मुली होत्या, नंतरही तेवढेच. आणि जी गेली ती गेलीच. ईयोब जुन्या दिवसांत परत जात नाही. त्याला पुढचं आयुष्य मिळतं, आणि ते ज्या हातांतून पहिलं आलं होतं त्याच हातांतून येतं.

माझ्या मते जुनी गाणी नव्याने गाण्याच्या या दोनच वाटा आहेत. एक बर्लिनची. तेच सुख, तेच वय परत आणायची धडपड. तिच्या पदरी हिरमोडच येतो. दुसरी ईयोबाची. जे गेलं ते गेलं हे कबूल करून, ज्याला पहिल्यांदा हाक मारली त्यालाच पुन्हा हाक मारायची.

‘सेकंड कमिंग’ कोणत्या वाटेचा, हे मी कानांनी ठरवलं. ‘सोल्जर्स अंडर कमांड’ चे दोन्ही अवतार हेडफोन लावून एकामागून एक ऐकले. १९८५ चा आवाज उजळ, पातळ, भोवती भरपूर घुमारा. तो पोरगा आपण जिंकणार या खात्रीने गातो. २०१३ मध्ये गिटारी जडावल्या आहेत, ड्रमचा ठोका कोरडा आणि जवळ आला आहे. स्वीट आणि फॉक्स दोन गिटारींवर समांतर सुरांत जो तुकडा वाजवतात तो अजून तसाच जुळतो. आवाज मात्र भरला आहे. वरच्या जागा मायकल अजूनही घेतो, पण आता प्रत्येक जागेमागचं बळ ऐकू येतं. गाणं आहे सैनिकांचं. पहिल्या वेळी भरती झालेला शिपाई गात होता. दुसऱ्या वेळी जो गातो आहे तो एकदा पलटण सोडून गेलेला आणि परत आलेला आहे. शब्द एकही बदललेला नाही, पण त्या शब्दांना आता किंमत मोजलेली आहे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९८६ च्या त्या गाजलेल्या अल्बमवर बास टिम गेन्सने वाजवलेला नाही. ध्वनिमुद्रणाच्या सुमारास तो बँडबाहेर पडला होता आणि ते काम ब्रॅड कॉब या वादकाने केलं. गेन्स नंतर परतला आणि जग त्याला त्याच अल्बमचा बासवादक म्हणून ओळखू लागलं. ‘कॉलिंग ऑन यू’, ‘फ्री’, ‘द वे’ ही गाणी तो वर्षानुवर्षं मंचावर वाजवत राहिला. स्टुडिओतल्या मुद्रणात त्याच्या बोटांचा बास आला तो २०१३ मध्ये.

हे वाचून मला आमच्या मंडळीतली निम्मी माणसं आठवली, आणि त्यांत मीही आहे. आमचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. आमच्या वतीने विश्वास कबूल केला तो आईवडिलांनी; नोंदवहीत नाव आमचं चढलं. मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी तीच वचनं आम्ही आपल्या तोंडाने घेतली. म्हणून बाप्तिस्मा खोटा होता असं कुणी म्हणत नाही. दुसऱ्या उच्चाराने तो आमचा झाला. वचन आधी दिलेलं असतं, माणूस त्याच्यापर्यंत मागाहून पोहोचतो. विश्वासाच्या बाबतीत हे अपवादाने घडत नाही, बहुधा असंच घडतं.

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. ती मंडळी कष्टाळू, सोशिक, शिकवणीला पक्की. तक्रार एवढीच, की पहिली प्रीती तिने सोडली. त्यावर उपाय म्हणून नवं काही मागितलेलं नाही. कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कामं पुन्हा कर, अशा अर्थाच्या तीन आज्ञा आहेत. ‘सेकंड कमिंग’ मधल्या एका गाण्याचं नाव ‘फर्स्ट लव्ह’ आहे. ते १९८५ चं, म्हणजे पहिली प्रीती सुटण्याआधीचं. पहिली कामं पुन्हा करणं याचा याहून सरळ अर्थ एखाद्या गायकापुढे कोणता असू शकतो?

तरी एक आक्षेप मी स्वतःच घेते. ही चौदा गाणी पहिल्या तीन प्रकाशनांतलीच आहेत. पडझडीच्या वर्षांतलं एकही त्यांत नाही. मग तिसऱ्या आज्ञेआधीच्या दोन आज्ञांचं काय? मला वाटतं, आठवण आणि पश्चात्ताप यांना वेगळ्या गाण्याची गरज पडली नाही; भरलेल्या आवाजात ते आहेत आणि शेवटच्या दोन नव्या गाण्यांत आहेत. एकाचं नाव आतून होणाऱ्या रक्तस्रावाचं, दुसऱ्याचं काळवंडलेपणाचं. एकविशीतला विजयी पोरगा ही नावं द्यायला धजला नसता. बारूखच्या दुसऱ्या गुंडाळीतही भर पडली होती.

पुनरावृत्ती ही काही कायमची मोहोर नव्हे, हेही खरं. २०१७ मध्ये गेन्स बँडपासून वेगळा झाला. एकदा नव्याने साक्ष दिली म्हणजे पुढचं सगळं सुरळीत होईल, असं वचन कुणालाच नाही. म्हणूनच प्रभुभोजन एकदा घेऊन भागत नाही, आणि म्हणूनच रेव्हरंड टिळकांची गीतं शंभरहून अधिक वर्षं आम्ही गात आलो आहोत. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या गीतांतली तळमळ त्यांची होती. आज आम्ही गातो तेव्हा ती आमची असायला हवी. नुसत्या पाठांतरावर गायलो तर ती कुणाचीच नसते.

मंडळीतली तरुण मुलं कधी कधी मला म्हणतात, अमुक काका तीच साक्ष किती वर्षं सांगतात! मी त्यांना सांगते, साक्ष जुनी आहे का हे विचारू नका. सांगणारा आजचा माणूस तिच्यामागे उभा आहे का, ते बघा. माझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. विशीतली साक्ष खोटी नव्हती, पण ती अजून वसूल व्हायची होती. ती वसूल होते तेव्हाच, जेव्हा माणूस तिच्यापासून ढळून, तिची लाज वाटून, दुःख भोगून परत येतो आणि तेच शब्द तोंडातून काढण्याचं धाडस करतो. स्ट्रायपरने ते चौदा वेळा केलं. आपल्याला निदान दर रविवारी एकदा करता यायला हवं.