वजाबाकीत राहिलेली माणसं

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने भरतीच्या मुलखातल्या गावोगावी लहान शिळा बसवल्या. साताऱ्याकडे, कोकणात त्या अजूनही कुठे कुठे पाहायला मिळतात. त्यांवरचा मजकूर अगदी थोडा असतो. या गावातून इतके जण लढाईवर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच. तिसरा आकडा शिळेवर नसतो. परत किती आले, हे वाचणाऱ्याने मनातल्या मनात वजाबाकी करून काढायचं. शंभर वर्षांत राज्य बदललं, झेंडा बदलला, पलटणींची नावंही बदलली. सैनिकाची आठवण ठेवण्याची आपली रीत मात्र त्या शिळेवरचीच राहिली. रणात पडलेल्याचं नाव आपण कोरतो आणि घरी आलेल्याला वजाबाकीत सोडून देतो. हुतात्म्याचा मान वेगळा आहे आणि तो वेगळाच राहावा. पण तीस वर्षं नोकरी करून पेन्शनीत आलेला, मुलांची शिक्षणं आणि लग्नं पार पाडून म्हातारपणी अंथरुणावर गेलेला लष्करी अधिकारी स्मरणाला अपुरा पडतो, ही समजूत तपासून पाहायला हवी. माझं म्हणणं असं आहे की त्याचं परतणं आणि परतल्यानंतरचं आयुष्य हा त्याच्या सेवेचाच उत्तरार्ध असतो, आणि तो गाळून वाहिलेली श्रद्धांजली अर्धीच राहते.

हा प्रश्न परभणीसारख्या जिल्ह्यात अधिक टोचतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण हौसेने म्हणतो, पण लष्कराच्या नकाशावर हा भाग फार काळ कडेलाच होता. मराठा पलटणींची भरती मुख्यतः सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची. परभणी निजामाच्या मुलखात. छावणी होती ती हिंगोलीला, आणि हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. पण ती हैदराबाद कंटिंजंटची छावणी, म्हणजे खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १९०३ मध्ये ही फौज हिंदी लष्करात सामावली गेली, तिच्या पायदळातून पुढे एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटला कुमाऊँ हे नाव मिळालं. पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. म्हणजे एवढ्या नामांकित रेजिमेंटची मुळं दख्खनच्या छावण्यांपर्यंत येतात; पण रेजिमेंट उत्तरेकडे गेली तशी तिची आठवणही तिच्याबरोबर गेली. स्वतंत्र भारताचं लष्कर इथल्या लोकांनी पाहिलं ते सप्टेंबर १९४८ च्या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईत. उलट साताऱ्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला. तिथे फौजेतल्या माणसाचं बोलणं समजणारे कान घरोघरी आहेत. परभणीत, जिंतूरला किंवा गंगाखेडला स्थायिक झालेला निवृत्त अधिकारी मात्र आयुष्यभर ‘मिल्ट्रीवाले साहेब’ राहतो. त्याचा हुद्दा गल्लीला पाठ असतो. हुद्द्यामागचं काम कुणी विचारत नाही.

परंपरा नाही म्हणून असं होतं, असं म्हणून हा विषय सोडता येत नाही, कारण परंपरा आणि कीर्ती दोन्ही असतानाही आपली आठवण तोकडीच पडते. मेजर राम राघोबा राणे यांचं उदाहरण घ्या. कारवारजवळच्या चेंडिये गावचा, पोलीस शिपायाचा हा मुलगा १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाला. ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत त्यांनी नौशेराहून राजौरीकडे जाणारी वाट रणगाड्यांसाठी मोकळी केली. सुरुंग काढले, रस्त्यावर आडवी टाकलेली झाडं हटवली, पहिल्याच दिवशी मांडीला जखम झाली तरी मागे गेले नाहीत. शत्रूचा मारा चालू असताना ते रणगाड्याखाली सरपटत पुढे गेले आणि दोर ओढून वरच्या चालकाला थांब, चल अशा खुणा करत राहिले. या कामगिरीसाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ते घ्यायला ते हयात होते. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव देण्यात आलं. आता हिशेब करून पाहा. राणे ७६ वर्षं जगले. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, पुढे १९७१ पर्यंत फेरनियुक्तीवर होते, आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. गणवेश कायमचा उतरवल्यावर तेवीस वर्षं त्यांनी घरसंसारात काढली. त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यातला जवळजवळ सगळा मजकूर त्या चार दिवसांचा असतो. परमवीराची ही गत, तर पदक नसलेल्या कॅप्टनची काय असेल? लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांसारखा एखादा अपवाद निघतो. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपलं आयुष्य स्वतः लिहून ठेवलं. पण आत्मचरित्र लिहिणं सगळ्यांना साधत नाही, आणि ज्याने लिहिलं नाही त्याचं आयुष्य लहान होतं असंही नाही.

मृत्यूनंतरच्या निवेदनांत दोन शब्द हमखास येतात, ‘शिस्तप्रिय’ आणि ‘कुटुंबवत्सल’. पहिला शब्द लष्कराचा, दुसरा घराचा. जणू एकाच माणसाची दोन वेगळी खाती. प्रत्यक्षात ही खाती एकमेकांत गुंतलेली असतात. अधिकाऱ्याला वर्षाची हक्काची रजा ६० दिवसांची आणि किरकोळ रजा २० दिवसांची. सगळी मिळाली आणि सगळी घरी काढली, तरी फील्ड पोस्टिंगच्या वर्षातले २८५ दिवस तो घराबाहेरच असतो. त्या दिवसांत त्याचा पत्ता ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ एवढाच. पत्र बरोबर पोचायचं, पण पोचलं ते नेमकं कुठे, हे पाकिटावरून कळायचं नाही. फॅमिली स्टेशन मिळालं तर बायकामुलं बरोबर, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी नवी शाळा, नवी भाषा, नवे शेजारी. ही ओढाताण इतकी खरी होती की १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली तीच २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन. अशा आयुष्यात कुटुंबावरचं प्रेम हा नुसता स्वभावाचा गुण उरत नाही. ते लांबून, टपालातून आणि रजेच्या मोजक्या दिवसांतून कष्टाने करायचं काम होतं. कर्नल ५४ व्या वर्षी घरी येतो तेव्हा मुलं कॉलेजात किंवा नोकरीला लागलेली असतात, आई-वडील थकलेले असतात आणि शेत भावाकडे किंवा बटईने दिलेलं असतं. ज्या घराचा कारभार इतकी वर्षं त्याच्यावाचून चालला, त्या घरात त्याला नव्याने जागा करून घ्यावी लागते. दुसऱ्यांना हुकूम देण्याची सवय मोडून बायकोचं ऐकायला शिकणं, म्हाताऱ्या आईचं अंथरूण काढणं, नातवाला शाळेत सोडणं, या गोष्टींना पदक नाही. तरी ज्यांनी त्या केल्या, त्यांनी आपल्या दुसऱ्या नोकरीत कसूर केली नाही असंच म्हणावं लागेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द मेलेल्या प्रत्येकालाच लावतात. त्यावर लेख कशाला? आक्षेप रास्त आहे. तो शब्द पोकळ झाला, कारण आपण त्याच्यापुढे पुरावा मागत नाही. कोणत्या वर्षी कुठे होता, घरी कोण आजारी होतं, बढती नाकारून कुणासाठी परत आला, एवढं लिहिलं तर शब्दाला वजन येतं. आणि पुरावा नसेल तर तो शब्द खोडावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या मराठवाड्यात दुष्काळ आणि कर्ज यांनी शेतकऱ्यांचे जीव घेतले, तिथे पेन्शन मिळणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्मरणाची चिंता कशासाठी? लष्करी माणूस शेतकऱ्यापेक्षा थोर, असा माझा दावा नाही. फरक दिसण्याचा आहे. शेतकऱ्याची पेरणी आणि मास्तरचा वर्ग गावाच्या डोळ्यांसमोर असतो. लष्करी माणसाचं काम हजार-दीड हजार किलोमीटरवर झालेलं असतं, त्याला गावात साक्षीदार नसतो. तो स्वतः बोलला नाही, तर ते त्याच्याबरोबरच जातं. तिसरा आक्षेप गणवेशाच्या पूजेचा. ती भीतीही खोटी नाही, पण तिच्यावरचा उतारा संपूर्ण आयुष्य सांगण्यातच आहे. संपूर्ण आयुष्य सांगायचं तर पंचवीस वर्षं एकटीने घर ओढणाऱ्या बायकोचं नाव त्यात घालावं लागतं, वडील आठवत नाहीत म्हणणाऱ्या मुलाचं बालपण घालावं लागतं, निवृत्तीनंतरची चिडचिडही घालावी लागते. जिथे किंमत लिहिली जाते तिथे पूजा फार वेळ टिकत नाही.

असं संपूर्ण आयुष्य नोंदवण्याची अपेक्षा सरकारकडून करू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आपल्या परीने पेन्शन, शिष्यवृत्त्या, विधवांची प्रकरणं पाहतं, ७ डिसेंबरचा ध्वजदिन पार पाडतं. दर नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला देतो आणि सरकारदरबारी तो आणखी वर्षभर जिवंत राहतो. तो माणूस आहे, एवढीच नोंद सरकार ठेवतं. कसा जगला ते ठेवत नाही, आणि ते त्याचं कामही नव्हे. ते काम घराचं, शाळेचं आणि गावच्या वाचनालयाचं आहे. पुष्कळ लष्करी घरांत अजून एक काळी पत्र्याची ट्रंक असते. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट लिहिलेलं असतं, आणि आत आता गोधड्या किंवा धान्य असतं. ज्यांच्या घरात अशी ट्रंक आहे आणि तिचा मालक अजून बोलता आहे, त्यांनी या दिवाळीला मुलं घरी आली की वही घेऊन त्याच्याजवळ बसावं, आणि त्याच्या शेजारी त्याच्या बायकोलाही बसवावं. ट्रंकेवरचा रंग उडत चालला आहे.