थरथरणारे हात, स्थिर अंतःकरण



बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत रात्रीही झोपत नाही. तेथील रासायनिक कारखान्यांवर असंख्य घरांच्या चुली पेटतात. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी तेथे एका कारखान्यात झालेल्या भीषण स्फोटाने अनेकांचे प्राण घेतले. अशा वेळी होरपळलेली शरीरे ज्या दारातून आत येतात, त्या तातडीच्या विभागात कुणाची तरी लेक, कुणाची तरी सून परिचारिका म्हणून उभी असते.

तिची छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, श्वास भरभर चालतो. पाळी संपवून ती घरी येते, तरी झोप लागत नाही. मग ती मनात म्हणते, ‘माझे ईमानच कमजोर असावे.’ कधी कधी घरचेही हेच बोलून दाखवतात. हे बोलणे कितपत योग्य आहे, याचा आपण विचार करावा.

संकट दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रेनालिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय वेगाने चालते आणि शरीर धावपळीस सज्ज होते. ही निर्मात्यानेच ठेवलेली व्यवस्था आहे. तिला पाप कसे म्हणावे? हिरा गुहेत पहिला दिव्य संदेश अवतरला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) थरथरत घरी परतले आणि अंगावर पांघरूण घालण्यास त्यांनी सांगितले. माननीय खदीजा (रजि.) यांनी त्यांना दोष दिला नाही. आधी पांघरूण घातले, मग त्यांच्या सत्कर्मांची आठवण देऊन धीर दिला. रात्रपाळीहून परतलेल्या लेकीला आपल्या घरात असे पांघरूण मिळते का?

आदरणीय मूसा (अलै.) यांच्या मातेचा प्रसंगही पाहा. बाळाला नदीत सोडल्यावर तिचे हृदय सैरभैर झाले. अल्लाहने ते दृढ केले, असे दिव्य कुरआन सांगतो (28:10). लगेच पुढच्या आयतीत ती मुलीला बाळाच्या मागावर पाठवते. म्हणजे दृढ झालेले हृदय हातपाय गाळून बसत नाही. ते पुढचे काम ओळखते. रुग्ण समोर असताना परिचारिकेनेही तेच करावे. एक दीर्घ श्वास घ्यावा, तो सावकाश सोडावा, मनात अल्लाहचे स्मरण करावे आणि समोरचे एकच काम हाती घ्यावे. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गतीही मंदावते.

तवक्कुल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हातमोजे चढवणे, पाळीच्या आरंभी औषधांची मांडणी तपासणे, न समजलेले वरिष्ठांना विचारणे, हेच तिचे उंट बांधणे होय. अस्वस्थता आठवडेच्या आठवडे टिकली, तर डॉक्टरांकडे जाणे हाही त्याचाच भाग आहे. त्यात लाज कसली?

नमाजची वेळ आणि रुग्णाचा प्राण एकाच क्षणी समोर आले, तर? बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी सुरू असलेली नमाजही सोडावी, असे धर्मशास्त्रज्ञांनी सांगितले आहे. प्राण वाचवून मग नमाज अदा करावी. परंतु या सवलतीला आळसाचे निमित्त करू नये.

या सेवेला आपल्या इतिहासात मानाचे स्थान आहे. खंदकच्या युद्धात माननीय सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा त्यांना शुश्रूषेसाठी माननीय रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवण्यात आले होते. बोईसरच्या रुग्णालयात जखमा धुणारी आपली लेक त्याच वाटेवर चालत आहे. एक जीव वाचवणे म्हणजे जणू सर्व मानवजातीला वाचवणे, ही कुरआनची शिकवण (5:32) तिच्या हातांतून प्रत्यक्षात येते. मग ते हात थरथरत का असेनात.

हे अल्लाह! दुसऱ्यांच्या वेदनेपाशी रात्र जागवणाऱ्यांची अंतःकरणे दृढ कर, आणि त्यांच्या घरच्यांना त्यांचा आधार बनव. आमीन.