राजाचा दगड, मजुराची माती

कंधारच्या किल्ल्यात आम्ही तिघं गेलतो. तिथं फारसी शिलालेख आहेत. सोबतच्या चाचांना उर्दू येते, म्हणून ते बोट फिरवून अक्षरं लावत होते. काही लागली, बरीच लागली नाहीत. मी विचारलं, चाचा, दगड फोडणाऱ्याचं नाव कुठंय? चाचा हसले. म्हणले, बेटा, ते कुणी कोरत असतं काय.

तो प्रश्न घेऊन मी लातूरला डाळमिलमध्ये परत आलो. पाळी सुटली की वाचनालयात बसायचो. फारसीच्या मुळाशी जाता जाता थेट इराणच्या बेहिस्तूनच्या कड्यापाशी पोचलो.

इ.स.पू. 520 च्या सुमाराला दरायस बादशहानं या कड्यावर आपली हकिकत कोरून घेतली. जुनी फारसी, एलामी आणि बाबिली अशा तीन भाषांत, खिळ्यासारख्या टोकदार अक्षरांत. वर चित्र. नऊ बंडखोर ओळीनं उभे, गळ्यात दोर, हात मागं बांधलेले. दहावा बादशहाच्या पायाखाली. बादशहा म्हणतो, मुलखात खोटं माजलं होतं, हे सगळे खोटारडे, मी तेवढा खरा. वाचणाऱ्या, याला खोटं मानू नको.

आता गंमत बघा. पायाखालचा माणूस तोतया नव्हता, खराच राजपुत्र होता आणि गादी दरायसनंच बळकावली, असा बऱ्याच अभ्यासकांना संशय आहे. म्हणजे खोट्याच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं ओरडणाराच कदाचित खोटा. पण छिन्नी धरायला माणसं त्याच्याकडं होती. बंडखोरांकडं कुठला कडा?

आणि लेख जमिनीपासून जवळजवळ 100 मीटर उंच. खालून एक ओळ वाचता येत नाही. जुन्या फारसीची ती लिपी त्याच्याच काळात बसवली असं बहुतेक जाणकार मानतात, म्हणजे वाचणारे तरी किती असणार? लोकांना कळवायला नकला वेगळ्या पाठवल्या. त्यातली एक इजिप्तमध्ये सापडली, ती अरामी भाषेत. दगडावरची भाषा दिमाखाची, कामाची भाषा दुसरी. आमच्या मिलच्या फाटकावरची पाटी इंग्रजीत आणि शिव्या मराठीत, तसंच.

खरी गोष्ट मातीत निघाली. 1933-34 साली पर्सेपोलिसच्या खोदकामात मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्याच दरायसच्या काळातल्या, बहुतेक एलामी भाषेत. राजाच्या जुन्या फारसीत त्यात एकच. या पाट्यांवर पराक्रम नाही, शिधा आहे. इतके पुरुष, इतक्या बाया, इतकी पोरं, इतकं धान्य. बाळंतिणीला जादा शिधा, पण पोरगा झाला तर पोरीच्या दुप्पट.

मी ते वाचून थांबलो. ही पाटी कुणाला म्हणत नाही की माझ्यावर विश्वास ठेव. पोरीच्या आईला निम्मं देण्यात काही लपवण्यासारखं आहे असं कारकुनाला वाटलंच नाही, म्हणून ते खरं राहिलं. दगडापेक्षा माझा विश्वास मातीवर.

मिलमधला एक दोस्त चिडला. म्हणला, तू येडा हैस. वही मालकाचीच ना? माणसाचा आकडा करणं ही काय कमी बेअब्रू आहे? त्याचंही खरं आहे. आमच्या वहीतही बदली हमालाच्या पुढं नुसता आकडा असतो, आणि पगाराच्या दिवशी भांडायला तोच आकडा कामाला येतो. बेअब्रू आणि पुरावा एकाच ओळीत. मला अजून हे सुटलेलं नाही.

पण दोस्तहो, जास्त टोचलं ते वेगळंच. बेहिस्तूनचा लेख उतरवून घेतला रॉलिन्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं. 1835 पासून तो त्याच्या मागं होता. बाबिली मजकूर अशा अवघड जागी की तिथं जायची कुणाची छाती होईना. 1847 साली एक कुर्दी पोरगा चढला. फटीत लाकडी खुंट्या ठोकत, दोराला लटकत त्यानं कागदावर ठसे घेतले. जगाला बाबिली वाचायला त्या ठशांची केवढी मदत झाली. पोराचं नाव रॉलिन्सननं लिहिलं नाही. तो काही बादशहा नव्हता, विद्वान माणूस होता, आपल्यासारखाच अक्षराचा वेडा.

मागच्या अंकात संपादकाचं नाव होतं, कवींची होती, माझंही होतं. रात्रभर बसून पानं लावणाऱ्या, टाचण्या मारणाऱ्या दोन पोरांची नव्हती. या खेपेला त्यांना विचारून घ्या, नाव कसं लिहायचं ते.