नाडीचा हिशेब

छातीत कळ येऊन गेल्यापासून, डॉक्टरांच्या हुकुमाने, मी रोज सकाळी भिंगारच्या छावणीतून आलमगीरपर्यंत चालत जातो, आणि जेथे 1707 मध्ये औरंगजेबाने प्राण सोडला त्या परिसरात दम खाताना एक प्रश्न टळत नाही : 1681 पासून ज्याने दक्षिणेत पंचवीस वर्षे तंबूतच बिऱ्हाड केले, आणि ज्याच्या हृदयाने 88 वर्षे विनातक्रार चाकरी बजावली, त्यानेच अखेरच्या पत्रांतून पुत्रांपाशी आयुष्य व्यर्थ गेल्याची खंत करावी, तर त्या हृदयाला निरोगी म्हणावे काय?

डॉक्टरांचे हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायू. नेमाने चालण्याने त्याचा एकेक ठोका अधिक रक्त पुढे लोटतो, विश्रांतीतील नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, आणि आठवड्याला 150 मिनिटांचा जो सारा जागतिक आरोग्य संघटनेने आकारला आहे तो भरणाऱ्याला मुदतवाढीची आशा असते. छांदोग्य उपनिषदाचे हृदय म्हणजे एक इवलेसे कमलगृह, पण त्यातले आकाश बाहेरच्या आकाशाएवढेच विस्तीर्ण. पतंजलीही आसनाकडून स्थैर्य आणि सुख एवढेच मागतो, आणि हृदयावरील संयमाचे फळ म्हणून चित्ताचे ज्ञान सांगतो. दीर्घायुष्याचा करार त्याने कोणाशी केलेला नाही.

या दोन हृदयांची गल्लत झाली की हृदय बंद पाडून दाखवणारे योगी जन्मास येतात. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी अशांपैकी काहींची रीतसर रुजुवात घेऊन 1961 मध्ये ती प्रसिद्ध केली : श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त अडते, मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होते, विद्युत्-आलेखावर मात्र ठोके चालूच होते. मला यात योगाची नाचक्की दिसत नाही. कमलगृहात जाण्यासाठी बिचाऱ्या स्नायूला वेठीस धरण्याचे प्रयोजनच काय होते?

अलीकडे भारतातील 24 रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर, बारा आठवड्यांच्या योगक्रमाची परीक्षा झाली. मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत निःसंशय म्हणावी अशी घट सिद्ध झाली नाही. परंतु आपली प्रकृती आपल्याला कितपत बरी वाटते याला स्वतःच गुण द्यावयाचे होते, तेथे योग करणारे किंचित पुढे होते, आणि नित्याच्या व्यवहारांकडेही ते अधिक प्रमाणात परतले. शास्त्रज्ञांच्या दफ्तरात हे गुण मुख्य कसोट्यांपैकीच एक होते; मला तर तोच रकाना पुनःपुन्हा वाचावासा वाटतो, कारण नाडीच्या रकान्यात औरंगजेब बादशहाही उत्तीर्णच झाला असता, आणि या दुसऱ्या रकान्यात त्याने स्वतःला किती गुण दिले असते, हे त्याच्या पत्रांवरून दिसतेच.