अनामिकांचे तर्पण

भाद्रपदाचा वद्य पक्ष आला म्हणजे आपल्या घरोघरी पितरांचे स्मरण होते. नाव व गोत्र उच्चारून तिलोदक द्यावे, असा विधी आहे. परंतु ज्यांची नावे कोणी जपली नाहीत, आणि जे लढले तेही परक्या सत्तेच्या आज्ञेने, त्यांचे काही ऋण आपल्यावर आहे काय? हा प्रश्न देवळात बसून विचार करण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जे हिंदी सैन्य गेले त्यात मराठा पलटणी होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या पलटणी बसऱ्याकडून तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने निघाल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये तेसिफोन येथे मोठी हानी सोसून सैन्याला माघार घ्यावी लागली आणि डिसेंबरात कुत गावी त्यास तुर्की फौजेचा वेढा पडला. तो सुमारे पाच महिने टिकला. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारण्यात आले. पण हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे ते मांस खाण्याचे नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुमती तारेने आली, तरी आपल्या गावी आपणांस कोणी पंगतीस घेईल काय, ही भीती त्यांच्या मनातून जाईना. बाहेरून वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मृत अथवा जखमी झाली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले, आणि कैद झालेल्यांपैकी हजारो पुढे रणरणत्या वाटेवर व छावण्यांत मरण पावले.

बसऱ्याच्या स्मारकावर या मोहिमेतील ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. तेथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरलेले आढळते. हिंदी अंमलदाराचेही आढळते. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्यास मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ एक आकडा आला. या विषमतेबद्दल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये क्षमा मागितली.

येथे कोणी म्हणेल, "ते पगारासाठी व साम्राज्यासाठी लढले. ज्या भूमीवर ते गेले, ती दुसऱ्यांची होती. त्यांचा गौरव आपण का करावा?" हा आक्षेप खोटा नाही, आणि त्यास बगल देणे आम्हांस उचित वाटत नाही. ती मोहीम धर्मयुद्ध होती असे आम्ही म्हणणार नाही. तथापि भीष्मांचे उदाहरण पाहावे. ज्या पक्षाकडे धर्म नाही हे ते जाणत होते, त्याच पक्षाच्या अन्नाने बांधले गेल्यामुळे ते त्याच्याकडून लढले. तरीही माघ शुद्ध अष्टमीस भीष्मांशी रक्ताचे नाते नसलेली माणसे त्यांस तर्पण करतात. त्या तर्पणाने कौरवांचा पक्ष न्याय्य ठरत नाही. युद्ध संपल्यावर युधिष्ठिराने दोन्ही बाजूंच्या मृतांचे, ज्यांचे मागे कोणी उरले नव्हते अशांचेही, अंत्यसंस्कार करविले. युद्धाचा दोष कोणाचा, हा निवाडा एक. आणि मृताचे देणे हे दुसरे. पहिला चुकला अथवा लांबला म्हणून दुसरे फिटत नाही.

आपल्या कृष्णपुऱ्यात कान्ह नदीच्या काठी होळकर राजघराण्याच्या छत्र्या उभ्या आहेत. कृष्णाबाईसाहेबांचे नाव त्या दगडांनी राखले, हे योग्यच झाले. पण ज्या शेतकऱ्याच्या मुलाची राख तैग्रिसकाठी राहिली, किंवा राखही झाली नाही, त्याची छत्री कोण बांधणार? ती त्याच्या घरच्यांच्या आठवणीतच बांधली जाऊ शकते. दक्षिणेतून माळव्यात आलेल्या आपल्या कुटुंबांपैकी कित्येकांची मूळ गावे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या मुलखांत आहेत. लामला गेलेला व परत न आलेला एखादा चुलत आजा किंवा पणजोबा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कधी तरी आला असेल.

तेव्हा यंदाच्या सर्वपित्री अमावास्येपूर्वी प्रत्येक घरात ज्येष्ठांस विचारावे, आणि जे नाव सापडेल ते कुळाच्या वहीत लिहून ठेवावे. नाव सापडले नाही तरी एक ओंजळ त्याच्यासाठी सोडावी. आप्त व अनाप्त, ज्ञात व अज्ञात अशा सर्वांस तृप्ती चिंतणारे आपले तर्पण त्याला वगळीत नाही. मग आपणही वगळू नये.