हान्सचं गणित

बर्लिनमध्ये, चारी बाजूंनी उंच इमारतींनी वेढलेल्या एका फरसबंद चौकात १९०४ साली रोज गर्दी जमायची. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक आपल्या घोड्याला प्रश्न विचारायचे आणि हान्स उजवा खूर आपटून उत्तर द्यायचा. बेरीज, अपूर्णांक, तारीख, सगळं त्याला यायचं. बरोबर उत्तराला बक्षीस म्हणून गाजर नाहीतर पाव. शिकवण्यात मास्तरांनी वर्षं घातली होती आणि बघणाऱ्यांकडून ते एक पैसाही घेत नव्हते.

लबाडी असणार, असं पुष्कळांना वाटलं. सप्टेंबरमध्ये जाणकारांची समिती बसली. सर्कसवाल्यापासून प्राणिसंग्रहालयाच्या संचालकापर्यंत सगळे तीत होते. त्यांनी निर्वाळा दिला, फसवणूक नाही. ते खरंच होतं. पण माणूस प्रामाणिक आहे, एवढ्यावरून त्याचं म्हणणं खरं ठरत नाही, हे मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्प्फ यांना कळत होतं. त्यांनी ऑस्कर फुंग्स्ट या शिष्याला कामाला लावलं.

फुंग्स्टनी चौकात तंबू ठोकला, बघे बाहेर ठेवले. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. मास्तरांनी हान्सच्या कानात एक आकडा सांगायचा, फुंग्स्टनी दुसरा, आणि बेरीज हान्सनं करायची. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचा आकडा ठाऊक नसायचा. हान्स चुकायला लागला. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असलं की पुन्हा बरोबर! हान्सच्या डोळ्यांना झापडं लावली, तर तो मान वेळावून विचारणाऱ्याकडे बघायला धडपडायचा. दिसेना, तेव्हा उत्तरही येईना.

आता फुंग्स्टनी घोड्यावरची नजर काढून मास्तरांवर ठेवली. प्रश्न विचारून झाला की मास्तर खुराकडे बघायला किंचित वाकायचे. बरोबर आकडा आला की त्यांचं डोकं पुसटसं वर उचललं जायचं, आणि त्यांच्या रुंद काठाच्या टोपीमुळे ती हालचाल आणखी ठळक व्हायची. हान्स तेवढ्यावर थांबायचा. त्याला गणित येत नव्हतं, माणूस मात्र वाचता येत होता. मला तर हे गणितापेक्षाही मोठं वाटतं.

मास्तरांना ते सोसलं नाही. आधी ते घोड्यावरच चिडले, मग पुढच्या चाचण्यांना त्यांनी मनाई केली. मला मात्र त्यांना हसावंसं वाटत नाही. ज्याच्या यशासाठी जीव टाकला, त्याची परीक्षा आपणच घेतली, तर कोणाची मान हलणार नाही? म्हणून तर आज औषधाची चाचणी घेताना खरं औषध कोणाला आणि नुसती साखरेची गोळी कोणाला, हे रोग्याइतकंच डॉक्टरांपासूनही लपवून ठेवतात. त्यात डॉक्टरांवर अविश्वास नसतो.

फुंग्स्ट मात्र मास्तरांना दोष देऊन थांबले नाहीत. प्रयोगशाळेत ते स्वतःच हान्स झाले. समोरच्यानं मनात आकडा धरायचा आणि फुंग्स्टनी हातानं टेबलावर ठोके द्यायचे. असे २५ जण बसवले. जवळजवळ सगळ्यांची डोकी ऐन आकड्यावर हलली, आणि आपण हललो हे त्यांना कळलंही नाही. मग फुंग्स्टनी स्वतःला तपासलं. गुपित त्यांनीच शोधलेलं, हालचाल कशी होते हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. तरीही मनात आकडा धरून हान्ससमोर उभे राहिले की ती हालचाल त्यांना थोपवता येत नव्हती.